चाळीस अंश, पंचाहत्तर टक्के

रास अल खैमात ऑगस्टमध्ये
चष्म्याला रात्रीही घाम फुटतो.
कारखान्याच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं
की समोरचा डोंगर, पार्किंग, सुहैलची पांढरी गाडी,
सगळं एकदम पुसलं जातं
आणि मी रुमाल शोधत उभा.

आत, आमच्या विभागात, माणसाएवढं एक कपाट आहे.
चाळीस अंश, पंचाहत्तर टक्के दमटपणा,
रात्रंदिवस. शुक्रवार नाही, ईद नाही.
गोळ्यांच्या पट्ट्या तिथे सहा महिने काढतात
आणि आम्ही कागदावर लिहितो: दोन वर्षं टिकेल.
हा हिशेब आईला कधी सांगितला नाही.
तिने लगेच विचारलं असतं,
मग तुझी अकरा म्हणजे किती झाली रे?

मंगळवारी सहाव्या महिन्याचे नमुने काढले.
दम्याची गोळी, बॅच एकोणीस.
पाठीवर बारीक पांढरी लव.
बुरशी, ब्लेसी म्हणाली.
सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर सुया,
काचेच्या, ताठ, एकमेकींत घुसलेल्या.
कोरड्या स्फटिकाने हवेतलं पाणी उचललं होतं
आणि आतली सगळी मांडणीच फिरवली होती:
दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू,
ना कमी ना जास्त,
शिधापत्रिकेवर नाव चढावं तसा.

आमच्याकडे म्हणतात, पाणी कुठेतरी मुरतंय.
इथे ते मोजतात.
सुया खरवडून कार्ल फिशरच्या भांड्यात टाकल्या,
आकडा थांबेपर्यंत श्वास धरला.
नऊ टक्के, थोडं वरच.
ही ओल नव्हे. ओल पुसता येते.

कुरियनसाहेब म्हणाले, औषध तर तेवढंच आहे ना?
आहे. नव्व्याण्णव पूर्णांक सहा.
रेणू तोच. फक्त विरघळत नाही.
अर्ध्या तासात पंच्याऐंशी टक्के पाण्यात उतरायला हवी,
उतरली एकसष्ट.
आधीच पाणी प्यालेली, तिला पाण्यात जायची घाई कसली.
कुरियनसाहेबांना इथे अठ्ठावीस वर्षं झाली.
मी पुढे काही बोललो नाही.

तासगावला आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये
अण्णा एक दाणा चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे,
आणि सांगायचे, अजून दोन दिवस.
उशीर झाला तर खडा,
घाई केली तर पेटीत पाणी सुटतं.
गंधकाची धुरी देता देता छाती गेली त्यांची.
शेवटी उशाशी असलीच गोळी,
आणि घेतल्यावर घड्याळाकडे बघत
दर दोन मिनिटांनी, तू शिकलास ना,
सांग की, हिला विरघळायला किती वेळ लागतो?

मार्चमध्ये पट्टीचं ॲल्युमिनियम काढून
स्वस्तातलं प्लास्टिक आणलं होतं.
ते कुणाच्या सहीने आणलं, हे फाइलमध्ये आहे.
मी 'नापास' लिहिलं. तारीख टाकली.
पेनातली शाई कागदावर जरा पसरली,
कागदही दमट.

मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी,
एक सुई तापत्या पट्टीवर ठेवली.
सत्तरच्या आसपास पाणी निघून गेलं,
उडी नाही, आवाज नाही.
सुई होती तशीच लांब, तशीच टोकदार,
फक्त दुधाळ झाली.
आता तिच्यातून पलीकडचं दिसेना.
चिमट्याने शिवलं, तर पीठ.

बाहेर सुहैल गाडीच्या टपावर खजुराचा डबा ठेवून उभा.
गेल्या साली त्याच्या मामाच्या बागेतला,
सालीखाली साखरेचे कण धरलेले, दाताखाली करकरणारे.
जुना झालाय, तो म्हणाला, पण बिघडला नाही.
त्याने आकाशाकडे बोट केलं, दक्षिणेला,
त्याच्याच नावाचा तारा तिथे उगवतो
आणि मग हवा वळते.
मला काहीच दिसेना. चष्मा पुसला, पुन्हा धुरकटला.

अजून बारा दिवस, तो म्हणाला,
खजूर चिमटीत धरून.