सात चौकोन

म्हात्रे पुलाजवळ, नदीपात्रातल्या पार्किंगमध्ये,
सकाळी सव्वासहाला
यासीननं किल्ली हातावर ठेवली
आणि गाडीभोवती फिरून
एकेका ओरखड्याचा फोटो काढला.
आम्हीही असंच करतो, पोरांचे जुने रिपोर्ट
आधी मागून घेतो :
हे आमच्या आधीचं आहे, एवढं लिहून ठेवायला.

मागच्या सीटवर पट्टा लावून ऑडिओमीटरची पेटी बसवली.
पानशेतच्या पुढची शाळा, ब्याऐंशी मुलं, एकशे चौसष्ट कान.
रस्ता मला ठाऊक नाही.
मी आजवर कायम डावीकडे बसत आले,
मांडीवर डबा, टोलचे सुटे,
आणि गाडीला जोडलेला फोन
नेहमी उजवीकडच्या माणसाचा.

"आधी फोन जोडून घ्या मॅडम, मग निघा.
चालायला लागली की ही कुणाचं ऐकत नाही."

ठीक. पडदा उजळला.
यादी भरली आहे, म्हणाला, नवं कुणी बसणार नाही.
रेडमी नऊ. आयेशाचा फोन. डॉ. लिमये.
गॅलॅक्सी. पुन्हा गॅलॅक्सी.
बंड्या ऑफिस. जय मल्हार.
भाड्याच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर
आधीच्या बिऱ्हाडातल्या पोरांच्या उंचीच्या
पेन्सिलखुणा राहतात, तशी ही माणसं.

"कुणालाही उडवा," यासीन म्हणाला, "परत कोण येतंय!"

बोट चुकून जय मल्हारवर पडलं
आणि त्याचे शेवटचे कॉल उघडले :
घर. घर. घर. सात वेळा.
रात्री दोन चाळीस ते तीन.
एकदाही उचललेला नाही.
त्याला तसाच ठेवला.
दुसऱ्या गॅलॅक्सीला काढलं. माफ करा, जे कोण असाल ते.

आता माझा फोन. लगेच सापडला गाडीला :
"अनिरुद्ध २".
जोडायचा का?

सहा वर्षांपूर्वी त्यानंच घेतला होता,
एकावर एक सवलतीत. नाव तेव्हाच पडलं.
कोर्टाच्या कागदांत फ्लॅट होता, एफडी होत्या,
कुकरसुद्धा होता, पाच लिटरचा.
हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही,
वकीलबाईंच्याही नाही.

सेटिंगमध्ये शिरले. पुसलं. लिहिलं : कल्याणी.

गाडीला मराठी येत नाही.
पडद्यावर उमटले सात चौकोन, ओळीनं, रिकामे,
ठिकरीसाठी खडूनं आखलेली
आणि अजून कुणी पाय न टाकलेली घरं.
"इंग्रजीत टाका ना मॅडम."
"राहू दे. मीच आहे ती."

मग सहा आकडे. इकडे फोनवर, तिकडे पडद्यावर.
दोन्हीकडे तेच आहेत का, बघून सांगा.
चार शून्य सात, नऊ एक दोन.
पत्रिका पाहणाऱ्या काकांनीसुद्धा
इतकं सरळ विचारलं नव्हतं मला.
एकतीस गुण जुळतात म्हणाले होते,
उरलेल्या पाचांवर चहा झाला.
हो, म्हटलं. तेच आहेत.
फोनमधली सगळी नावं घेऊ? नको.
मेसेज मोठ्यानं वाचू? अजिबात नको.
फक्त रस्ता सांग.

दारांच्या आतून कुठूनतरी
एक बारीक बीप आला,
हजार हर्ट्झ असेल, अगदी हलका,
आणि माझा हात वर गेला, आपोआप,
जसा मी मुलांना शिकवते :
आवाज आला की हात वर. कितीही लांबून येऊ दे.

यासीन काचेशी वाकला.
"काय झालं? पेट्रोल ना? दोन काड्या आहेत,
वाटेत भरून घ्या."
"काही नाही," म्हटलं, "ऐकू आलं."

तो काही समजला नाही. हात खाली घेतला, गिअरवर.
आतली बाई बोलू लागली,
म्हात्रे पुलाला काहीतरी भलतंच म्हणत :
दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.