प्राधान्यक्रम

सभा साडेतीनची. चहा आला, भडंग आलं,
कुलसचिव आले सव्वाचारला.
मी कोपऱ्यात, इतिवृत्ताला.

१. सभागृहात डिजिटल भिंत. मंजूर.
२. बायोमेट्रिक, आमच्यासाठी. मंजूर.
मग बराच वेळ ड्रोनवर गेला.

दस्तगीर मुजावर दारातूनच म्हणाला,
"साहेब, तेवढा सर्व्हर माडीवर घ्या.
आयर्विनला पाणी चाळिशीला टेकलं
की झोप उडती बघा.
तळमजल्याच्या भिंतीवर कृष्णामाईची रेघ अजून हाय,
माझ्या खांद्याला लागती."
"घेऊ की." अनुक्रमांक ११.
निधी सातावर संपतो.

पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र मागितलं होतं
पद्मजा हेरवाडेनं, ब्रेलमध्ये अर्ज करून.
अर्ज कुणालाच वाचता आला नाही
म्हणून तो यादीतच नाही.

रात्री यादी टाइप करताना
बोट थांबलं अकरावर.
११ मधला एक पुसला
की एकच उरतो.

पुसला नाही. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला.

आयत्या वेळच्या विषयांखाली
तो टिंबांचा कागद मात्र जोडला.
त्याच्यावरून बोट फिरवून पाहिलं,
रव्यासारखं लागलं.

सकाळी बघतो तर
दस्तगीरनं सर्व्हरखाली
चार विटा सरकवलेल्या.