चार पिना

बांग गुम-रेचं डोकं मला पाठ आहे.
उजव्या कानामागे नखाएवढा व्रण,
टाळूपाशी भोवरा, जो टोप धड बसू देत नाही.
योईदोच्या स्टुडिओत, तिसऱ्या मजल्यावर,
एकतीस वर्षं मी तिथे पिना खोचल्या.

पहिल्यांदा आली तेव्हा चौतीस वर्षांची होती
आणि तिला एका अडतीस वर्षांच्या हिरोची आई व्हायचं होतं.
कानशिलांपासून वर चंदेरी रंग ओढला.
आरशात बघून म्हणाली, 'माझी आई अशीच दिसायची.'
मग जरा थांबून,
'नाही. ती इथवर पोचलीच नव्हती.'

त्यानंतर ती म्हातारीच राहिली.
सासू, घरमालकीण, हिरोइनीच्या मैत्रिणीची मावशी,
राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली ती बाई
जी आधी घास चाखते आणि दुसऱ्या भागात मरते.
'जेवलास का?' हे वाक्य तिला किती मालिकांत मिळालं
त्याची मोजदाद मी सोडून दिली होती.
एकदा तिने ते शिवीसारखं म्हटलं.
कॅमेरामनने मान वर करून बघितलं.
ते कापलं गेलं.

जानेवारीत एक सीन होता,
सुनेच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकायचा.
सात टेक झाले.
सातही वेळा तिने मला जिना उतरून धाडलं,
पाणी कोमट करून आणायला.
पुढच्या आठवड्यात नामदेमुनच्या बाजारात
मासळीवालीने तिला चारचौघांत झापलं,
'एवढी गुणाची पोर, लाज कशी वाटत नाही तुला?'
गुम-रे कमरेत वाकली, म्हणाली, 'चुकलं माझं,'
आणि दोन बांगडे जास्तीचे घेतले.

घरी सून नव्हती, मुलगाही नव्हता.
धाकटा भाऊ होता, लहानपणी तापात डोकं गेलेला.
भाग संपला की तिचं नाव
उद्याच्या झलकीखाली चेपून निघून जायचं.
तो टीव्हीला नाक लावून टाळी वाजवायचा,
बरेचदा दुसऱ्याच कुणाच्या नावाला.

साठीला केस खरोखरच पिकले.
नवा दिग्दर्शक मॉनिटरमागून ओरडला,
'हा पांढरा खोटा वाटतोय, काहीतरी करा.'
म्हणून आम्ही पांढऱ्यावर पांढरा मारला.
हसून हसून तिला ठसका लागला,
रंग वाळायला दुप्पट वेळ गेला.

गेल्या शरदात निरोप आला, फक्त फोटो हवाय.
हिरोची मेलेली आई. सोळा भाग भिंतीवर राहील,
तो अधूनमधून बघेल आणि रडेल.
आई ऐन उमेदीत गेलेली, तेव्हा या वेळी काळा टोप.
सुरकुत्यांचं कॉम्प्युटर बघून घेईल.
काळे केस! इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलंच नव्हतं.
'हसू का?' तिने विचारलं.
फोटोग्राफर म्हणाला, 'हसा, पण आठवण येईल इतकंच.'
तिने ते एका क्लिकमध्ये दिलं.

जाताना म्हणाली, 'एक प्रत जास्त मिळेल? चौकटीसकट.'
प्रॉडक्शनचा पोरगा वही उघडून बसला,
हा खर्च कुठे दाखवायचा त्याला कळेना.
पैसे मी दिले.

या फेब्रुवारीत, हॉस्पिटलच्या तळघरातल्या दालनात,
पांढऱ्या शेवंतीत तोच फोटो.
हिरो आला, उदबत्ती लावली, दोनदा लवला.
सोळा भाग याच चेहऱ्यापुढे ढसाढसा रडलेला,
आज त्याला रडू येईना.
फार ओशाळला बिचारा, बूट उलटेच घालून गेला.

बाहेर पडद्यावर त्या दिवशीच्या मृतांची नावं सरकत होती.
तिचं आलं तेव्हा भावाने टाळी वाजवली.
कुणीतरी त्याला गप्प केलं.

मी आत बसून होते, सूप निवत होतं.
फोटोत समोरून काही दिसत नाही,
पण भोवऱ्यापाशी चार पिना आहेत.
एक वाकडी. त्या दिवशी सरळ करायची राहिली.