शिलाईतली माया

लीड्समध्ये सर्जनबाईला डॉक्टर म्हणत नाहीत,
मिस म्हणतात. मिस हॅनरहन.
तिने माझ्याच अपॉइंटमेंटच्या पत्रामागे
माझं आतडं काढलं,
बाहीच्या मुंढ्यासारखं वळलेलं,
त्याच्या कुशीत स्वादुपिंडाचं डोकं,
आणि खालच्या वळणावर एक टिंब.
"जर्दाळूएवढी आहे. अशा मला वर्षातून तीन-चार दिसतात."

ऋजुता सांगत होती, मराठी तिला पुरत नव्हती.
एक ऑपरेशन मोठं:
आतड्याची सुरुवात, स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, पित्ताची नळी,
सगळं जातं,
उरलेलं तीन ठिकाणी जोडायचं.
दुसरं लहान: गाठ, तिच्या दोन बाजूंचं थोडं आतडं,
मग टोकाला टोक.

मग मोठं कुणी करतं कशाला?
मिस हसली नाही.
पित्ताच्या तोंडाला गाठ चिकटली असेल तर
लहान कापून भागत नाही.
तुमची दोन बोटं दूर आहे. स्कॅनमध्ये.
गुरुवारी नऊ जण बसले होते.
सात म्हणाले लहान. दोघं म्हणाले मोठं.
मला त्या दोघांशी बोलावंसं वाटलं.

मालेगावात ज्यांच्याकडे कात्री धरायला शिकलो
ते नथूमामा म्हणायचे,
ज्याला कात्रीचा आवाज आवडतो
त्याच्या हाती थान देऊ नये.

मी विचारलं, माया किती ठेवणार?
ऋजुता अडली. "बाबा, लव्ह म्हणू?"
नको.
मी कोट उलटा केला, अस्तर सारलं,
शिवणीच्या आतली दुमड दाखवली.
मिस वाकली. चिमटीत धरून पाहिली,
कापड कळणारं गिऱ्हाईक पाहतं तशी.
"हो. हेच. गाठीभोवती निरोगी मांसाची कड.
उगाच रुंद नको, पण अखंड हवी."
फरक एवढाच,
माझी माया कपड्यात राहते,
तिची गाठीबरोबर जाणार.

फॉर्मवर दोन्ही ऑपरेशनांची नावं होती.
खरं काय ते पोट उघडल्यावर.
यावर ऋजुता चिडली,
मला मात्र तेवढंच ओळखीचं वाटलं.
टेबलावर पसरल्याशिवाय
कापड कधी कुणाला खरं सांगतं?
सही केली. बागुल. दोनदा.

संध्याकाळी दुकान उघडलं, उगाच.
मिसेस ऑयेलारनच्या नातवाचा ब्लेझर पडून होता,
पोरगा सहा महिन्यांत वीतभर वाढलेला,
शाळा सोमवारी.
दिव्याखाली बाही उसवली.
कारखान्याचा माल,
आत काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

मिळाली. चांगली दोन बोटं.
कुठल्या गावात, कुणी,
या पोराला कधी न पाहता
दुमडून ठेवलेली.
जुना दोरा चिमट्याने वेचत बसलो,
बस गेल्या, दोन की तीन,
मोजल्या नाहीत.