दहा मिनिटं पुढे

‘थ्री हेरिंग्ज’चं घड्याळ
दहा मिनिटं पुढे असायचं.
चुकून नव्हे.
अमुक वाजता पब बंद, हा सरकारचा कायदा.
शेवटचा घोट घशाखाली उतरवायला
पुरुषाला दहा मिनिटं लागतात,
हा मिसेस ऑक्स्टबीचा.

एकोणीसशे सोळा.
नवरा फ्लँडर्सच्या चिखलात, लायसन त्याच्या नावावर,
आणि ही काउंटरमागे खोक्यावर उभी,
कारण उंची पाच फूटसुद्धा नव्हती.
खोकं माशांचं. त्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही.
नवराही आला नाही.
तिने फक्त काटे पुढे सरकवले.

बायकांना आत मज्जाव.
तोही तिनेच घातलेला, विचारायची सोय नव्हती.
गल्लीच्या बाजूला हातभर खिडकी होती,
तिथे आई मला चिनीमातीचा जग देऊन पाठवायची.
येताना मी वरचा फेस चाटायचो.
‘आज कमीच भरलाय,’ आई म्हणायची,
आणि माझ्या ओठांकडे बघायची नाही.

बोर्डावर मासे तीन होते.
दर काही वर्षांनी कोणीतरी स्वस्तातला रंगारी यायचा
आणि पहिले दोन जरा जाड करून जायचा.
माझ्या आठवणीत तिसऱ्याची
शेपटीच तेवढी उरली होती.

एक्केचाळीस साली, एका मंगळवारी,
घड्याळात दहा वाजले, बाईने घंटा बडवली,
ग्लास उपडे झाले, माणसं अंधारात पांगली.
खरे दहा वाजायचे होते.
भोंगा त्यानंतर झाला.
स्टॅमर्स बंधू नुकतेच घरी पोचले होते.
चौदा नंबरपासून बावीसपर्यंत
सकाळी नुसत्या विटा.
पबच्या फक्त काचा गेल्या.

हिशोब सगळ्यांनाच येत होता.
मोठ्याने कोणी केला नाही.
तिने फळ्या ठोकल्या, पिंप उघडलं.
काटे मागे घेतले नाहीत.

माझे वडील घड्याळजी.
त्रेपन्नमध्ये लंबक दुरुस्त करायला गेले
आणि कारागिराच्या इमानाने
घड्याळ बरोबर लावून आले.
दुसऱ्या पहाटे क्लिफर्ड हार्कर
‘दहा मिनिटं आहेत अजून’ म्हणत धक्क्यावर पोचला,
तेव्हा त्याचा ट्रॉलर नदीच्या मध्यावर होता.
तुम्हाला वाटेल, तो बुडाला असेल.
छे. भरून आला.
एवढा कॉड त्या वर्षी कोणी पाहिला नव्हता.
हार्कर पुढची चाळीस वर्षं
वडिलांच्या दुकानासमोरून जाताना
रस्ता ओलांडायचा.
वडील त्याच संध्याकाळी टोपी हातात घेऊन गेले
आणि काटे पुन्हा चुकवून आले.

मग आइसलंडचं पाणी बंद झालं.
बोटी भंगारात गेल्या, नावांच्या पाट्या भिंतींवर आल्या.
माणसं दुपारपासून बसू लागली.
घंटा वाजली तरी कोणी उठेना,
उशीर व्हायला कुठे जायचंच नव्हतं.
थेल्मा ऑक्स्टबी, नात, आजीसारखी ठेंगणी,
एकदा मला म्हणाली,
‘घाई असेल तर हे घड्याळ.
नसेल तर नुसतं भिंतीचं भोक झाकणं.’

पब मिटला तेव्हा ते तिने
जुन्या बाबागाडीत घालून माझ्याकडे आणलं.
वर घोंगडी पांघरलेली, चाक कुरकुरणारं.
‘विकू नकोस,’ म्हणाली.
दारातून वळून, ‘बरोबरही करू नकोस.’

ते आता माझ्या बाकावर समोर आहे.
पितळ पुसतो, तेल घालतो, हात आवरतो.
रात्री त्यात दहा पडले
की डोळ्यावरची भिंग खाली ठेवतो,
कोट शोधतो, दिवा मालवतो,
दारापाशी येऊन थांबतो.

अजून दहा मिनिटं असतात.
त्यांचं काय करायचं
हे मला कोणी सांगितलेलं नाही.