परात

मी टेप धरायचो. भिंगापासून
नटीच्या डोळ्यापर्यंत किती फूट, किती इंच,
एवढंच माझं काम.
उजेड मुरलीअण्णा निजामपूरकरांचा.

तो ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते.
तांबट आळीत, बापाच्या ओट्यावर,
हंडा ठोकला जाताना ठोक्याठोक्याला
समोरच्या भिंतीवर जो हलायचा, तोच.

मग मुंबई. दुसऱ्यांचे सव्वीस सिनेमे,
त्यांत यांचं नाव पडद्यावर येई
तेव्हा लोक अजून खुर्च्या शोधत असत.
इतक्या बायकांचे चेहरे उजळले,
स्वतःच्या लग्नाचा एक फोटो धड नाही.

एक सिनेमा स्वतःचा.
ओटा गहाण, मोटारसायकल विकलेली,
निर्माता म्हणजे चहाचा हिशेबही वहीत.
डिसेंबर. रामकुंडाच्या खालच्या अंगाला
गोदेवर वाफ, आणि पहाटे पाचला निरोप :
दिवे येणार नाहीत, आधीचं भाडं टाका.
अण्णा काही बोलले नाहीत.
कुणाची तरी सायकल घेतली
आणि आळीतून चार पराती आणल्या,
बापाने रात्रीच चिंचेने घासलेल्या.
पंचवटीच्या बाजूने सूर्य वर आला.
चार पोरांनी तो परातीत झेलला
आणि धुणं आपटणाऱ्या बाईच्या गालावर ठेवला.
मी टेप लावली : साडेचार फूट.
हात थरथरत होता. थंडीने, असं मी सांगतो.

तीन दिवस चालला.
चौथ्या दिवशी टॉकीजवर दुसरं पोस्टर,
खळ ओलीच.
पेपरात एक ओळ : छायाचित्रण बरे.

पुढची बारा वर्षं त्यांनी
साबणाच्या, पाणबुडी पंपाच्या,
द्राक्षांवरच्या फवारणीच्या जाहिराती काढल्या.
एकदा पोस्टाने मला पाकीट आलं :
राहिलेले सातशे चाळीस. पोच पाठवणे.

आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू.
गेलो की विचारतात, बाहेर किती आहे?
मी म्हणतो, फाइव्ह-सिक्स.
थाप मारली तर कळते त्यांना,
कशावरून ते ठाऊक नाही.

काल वहिनी कणीक मळत होत्या.
म्हटलं, जरा परात द्या.
गोळा ताटात काढून त्यांनी दिली,
कल्हई कधीच उडालेली, कडेला पीठ तसंच.
खिडकीशी धरून उभा राहिलो.
अण्णांच्या गालावर काहीतरी तांबूस आलं.
डोळे मिटलेलेच.
"फार जवळ आलास," म्हणाले,
"दीड फूट मागे."

टेप आणली नव्हती.
पावलाने मोजलं.