गोठलेली नळी

डंडी. उणे सात. बॉयलर तीनदा गुरगुरला
आणि लाल दिवा लावून गप्प.
मिस्टर गेडिस कोट घालूनच दार उघडतात.
"रीसेट दाबून पाहिलं. अकरा वेळा."

आइल्सा बॉयलरला हातही लावत नाही.
मागच्या अंगणात जाते,
भिंतीवरची पांढरी नळी बोटाने वाजवत उतरते:
टक, टक, ठस्स.
"इथे. त्याच्याच वाफेचं पाणी,
बाहेर पडता पडता गोठलंय."

किटली. उकळतं नको, कोमट.
ओततात गेडिसच, हट्टाने,
निम्मं स्वतःच्या बुटांवर.

मग आत कुठेतरी गुळगुळ,
आणि करंगळीएवढा बर्फ
सुळकन गटाराच्या जाळीवर.

रेडिएटर टिकटिकू लागतात, आधी जिन्यातला.
गेडिस कोट काढत नाहीत.
"चहा घेशील?"
आणि किटली रिकामी आहे
हे दोघांनाही एकदमच आठवतं.